उड्या मारताना, धावताना, वजन उचलताना लघवी गळते : बॅचमध्ये काय बदलायचं?

मैदान_सातारा

साताऱ्यात महिलांच्या दोन बॅच आहेत. एक गृहिणी आणि नोकरदार बायकांची, वय २५ ते ५०. आठवड्यातले तीन दिवस बर्पी (हात टेकून पाय मागे टाकायचे, मग उठून उडी), दोरी, बॉक्स जंप, केटलबेल (मुठीचं गोल वजन) आणि रविवारी यवतेश्वर घाट. दुसरी पोलीस भरतीच्या मुलींची. त्यांचं ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक.

दोन्हीकडे एकच अडचण दिसते आणि उघड कुणी बोलत नाही. दोरीच्या उड्या आल्या की बाई हळूच रांगेच्या मागे सरकते. कायम काळी लेगिंग, कमरेला जॅकेट बांधलेलं. बॅच सुरू व्हायच्या आत तीनदा बाथरूमला जाऊन येते आणि पाण्याच्या बाटलीला हात लावत नाही. बाजूला घेऊन विचारलं तर "उडी मारली की थोडी शू होते, बाळंतपणानंतर असंच" म्हणतात. पण भरतीच्या मुलींची तर लग्नंही झालेली नाहीत, त्यांना का व्हावं?

जाणकारांनी नेमकं सांगावं. उड्या बंद करायच्या का? कीगल (लघवी रोखणारे स्नायू आवळायचा व्यायाम) किती, कसे, किती दिवस? पाणी कमी प्यायचं का? आणि डॉक्टरकडे कधी पाठवायचं? "वयाप्रमाणे होतंच" हे उत्तर नको, ते सगळीकडे मिळतं.

फिजिओ_मिरज

मॅडम, तुम्ही बाजूला घेऊन विचारता हे फार चांगलं करता. बहुतेक बायका याच कारणाने व्यायाम सोडतात आणि खरं कारण घरीही सांगत नाहीत.

आधी हे का होतं ते. ओटीपोटाच्या तळाला, पुढच्या जघनाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक थर असतो. त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्रमार्ग, योनीमार्ग आणि गुदद्वार याच थरातून बाहेर येतात. पाय जमिनीवर आदळला की पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो लघवीच्या पिशवीवर येतो. मूत्रमार्ग मिटून ठेवणारी ताकद त्या दाबापेक्षा जास्त असेल तर कोरडं राहतं, कमी पडली तर थेंब गळतात. साध्या धावण्यातही प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर खालून येतो, उंचावरून उडी घेतली तर त्याहून जास्त. हा थर पाय टेकण्याच्या क्षणभर आधी आवळला जायला हवा. तो उशिरा आवळला, ताकदीत कमी पडला किंवा थकला की गळतं. म्हणून पुष्कळजणी बॅचच्या सुरुवातीला कोरड्या असतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत भिजतात.

आता मुलींचं. बाळंतपणात हा थर ताणला जातो हे खरं, पण ते एकमेव कारण नाही. १९९४ साली अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडू मुलींची पाहणी झाली. एकीलाही मूल झालेलं नव्हतं, तरी २८ टक्के मुलींना खेळताना लघवी गळण्याचा अनुभव होता. स्वीडनमधल्या ट्रॅम्पोलिन खेळाडूंच्या २००२ सालच्या अभ्यासात हेच प्रमाण ८० टक्के निघालं, आणि त्यातल्या बऱ्याचजणी शाळकरी वयाच्या होत्या. म्हणजे धडधाकट मुलीचा तळही उड्यांच्या भाराला पुरा पडत नाही असं होऊ शकतं. मांड्या आणि पोटऱ्या आपण तयार करतो, तळाला कुणी तयार करत नाही.

कीगल बरोबर कसे करायचे. उताणं झोपून गुडघे वाकवा. गॅस सुटू नये म्हणून जे आवळतो ते आवळा, त्याच वेळी लघवी रोखल्यासारखं पुढे आवळा आणि दोन्ही मिळून आत-वर ओढा. खुर्चीच्या कडेला, टॉवेलच्या घट्ट गुंडाळीवर बसून केलं तर नीट समजतं. बरोबर असेल तर गुंडाळीवरचा भार हलका झाल्यासारखा वाटतो. गुंडाळीवर दाब वाढला तर बाई कुंथते आहे, म्हणजे नेमकं उलटं चाललंय. ही चूक फार बायका करतात, आणि तसंच महिनोन्महिने चालू राहिलं तर त्रास वाढतो. कुल्ले आवळणं, मांड्या जुळवणं, श्वास कोंडणं या बाकीच्या चुका. हात पोटावर ठेवून बघा, बेंबीखाली थोडं ताणलेलं चालेल, पण पोट बाहेर फुगता कामा नये. धार मध्येच थांबवून बघणं फक्त एकदा, स्नायू ओळखण्यापुरतं. रोज तसं केलं तर पिशवी पूर्ण रिकामी होण्याची सवय बिघडते.

मात्रा. ६ ते ८ सेकंद जोरात धरायचं आणि तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. असं ८ ते १२ वेळा केलं की एक फेरी. प्रत्येक आवळणीच्या शेवटाला ३-४ झटपट आवळण्या. अशा तीन फेऱ्या रोज. सुरुवातीला ३ सेकंदच जमलं तर तिथूनच वाढवा. सोडणंही आवळण्याइतकंच नीट व्हायला हवं, अर्धवट सोडून पुढचं आवळलं तर स्नायू नुसता थकतो. पहिले दोन आठवडे झोपून, मग बसून, मग उभं राहून. उड्या उभ्यानेच मारायच्या असतात, त्यामुळे झोपून कितीही छान जमलं तरी तिथेच अडकून उपयोग नाही.

किमान तीन महिने करा. पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडणाऱ्याच जास्त असतात. देखरेखीखाली नीट व्यायाम केलेल्या बायकांचे अभ्यास एकत्र मांडले गेले आहेत. त्यात खोकताना-उडी मारताना गळणाऱ्यांपैकी ५६ टक्के जणींनी "बरं झालं" असं सांगितलं, व्यायाम न करणाऱ्यांत फक्त ६ टक्क्यांनी. इतका फरक देणारं औषध या त्रासावर नाही.

याच्या जोडीला आधी आवळण्याची सवय लावा. शिंक, खोकला, उचल, उडी यांच्या ऐन आधी आवळायचं आणि ते होईपर्यंत धरायचं. एखाद-दुसऱ्या उडीला हे जमतं. शंभर उड्यांत मुद्दाम आवळत बसणं शक्य नाही, तिथे तयार झालेली ताकदच कामी येते.

एक सावधगिरी. काही मुलींचा हा थर सैल नसतो, सतत आवळलेला असतो. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार तुटक येते, टॅम्पॉन घालताना किंवा संबंधाच्या वेळी दुखतं, बद्धकोष्ठता असते. दिवसभर पोट आत ओढून वावरणाऱ्या मुलींत हे दिसतं. अशा मुलीला आणखी कीगल दिले तर बिघडतं. तिला आधी सोडायला शिकवावं लागतं, म्हणजे पोटात खोल श्वास, उकिडवं बसून तळ सैल सोडणं. ही लक्षणं असतील तर मैदानावर काही ठरवू नका. मिरज, सांगली किंवा कराडमध्ये महिलांच्या पेल्विक फ्लोअरचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोधा. ती तपासून सांगेल.

वजनकट्टा_सांगली

वर सांगितलंय त्यात वजनाच्या बाजूचं घालतो.

डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) आणि स्क्वॉटला (वजन घेऊन बैठक) गळतं ते बहुधा श्वासामुळे. श्वास कोंडून, पोट कडक करून जोर लावला की दाब वर जाऊ शकत नाही, खाली उतरतो. त्यात कमरेचा पट्टा करकचून आवळला की तळावर आणखी भार. नवशिक्या बायकांना पट्टा देऊच नका. "पोट कमी होतं" म्हणून घाम काढायचे जे पट्टे विकतात ते तर उड्यांच्या बॅचमध्ये अजिबात नकोत.

क्रम असा ठेवा. खाली जाताना श्वास आत, तळ सैल. वर येण्याच्या ऐन आधी तळ आवळा, आणि उचलीच्या अवघड टप्प्यावर ओठांतून फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत वर या. प्रत्येक उचलीनंतर बार जमिनीवर टेकवून नवा श्वास. एका दमात दहा ओढायची घाई नको, तिसऱ्या-चौथ्यापासून श्वास बिघडतो आणि तिथेच गळतं. वजन किती? जिथे गळायला लागतं त्याच्या एक पायरी खाली. ६० किलोला गळत असेल तर ५० वर या, तिथे कोरडे ५-५ चे तीन सेट सलग दोन आठवडे निघाले की अडीच किलो वाढवा. स्पर्धेत उतरणाऱ्यांना जड वजनाला श्वास कोंडावाच लागतो, पण त्यांनी ते तळाची ताकद आल्यावर करावं.

बॉक्स जंपमध्ये चढताना फारसं होत नाही, खाली उडी घेताना होतं. म्हणून चढा उडी मारून, उतरा एकेक पाय टाकून. एवढ्या बदलाने अर्ध्या बायकांचा प्रश्न त्या दिवसापुरता मिटतो. बर्पीत शेवटची उडी काढून नुसत्या टाचा उचला. जंपिंग जॅकऐवजी एकेक पाय बाजूला टाकत जा. केटलबेल स्विंगला वर येताना श्वास बाहेर.

आणि बॅचचा क्रम बदला. तळ थकल्यावर उड्या देणं म्हणजे मुद्दाम भिजवणं. वॉर्म-अप झाला की दहा मिनिटांत उड्या संपवा. मग वजन, शेवटी चटईवरचं. बहुतेक ठिकाणी हे बरोब्बर उलटं असतं, "फिनिशर" म्हणून शंभर बर्पी शेवटी.

मैदान_सातारा

खूप नेमकं मिळालं, दोघांचेही आभार. अजून दोन प्रश्न. बॅचमधल्या योग करणाऱ्या काकू म्हणतात की मूळबंध म्हणजे हेच. खरंय का? आणि भरतीच्या मुलींना तीन महिने थांबायला सांगता येणार नाही, मैदानी चाचणी कधीही लागते. त्यांचं धावणं चालू ठेवून काय करता येईल? रविवारच्या घाटाचंही सांगा, यवतेश्वरला जाऊन आल्यावर सगळ्यात जास्त तक्रारी येतात.

फिजिओ_मिरज

काकूंचं बरोबर आहे, जागा तीच. फरक इतका की मूळबंध पुष्कळदा श्वास रोखून, कुंभकासोबत लावतात. इथे श्वास चालू ठेवायचा. ज्यांना मूळबंध येतो त्यांना कीगल लवकर सापडतो, त्यामुळे बॅचला शिकवायला काकूंनाच पुढे करा. बाई बाईकडून हे लवकर शिकते.

यवतेश्वरचं उत्तर घाटाच्या उतारात आहे. चढावर पाऊल हलकं पडतं, आदळआपट कमी, त्यामुळे चढ धावणं या त्रासात सपाटीपेक्षाही बरं. उतरताना टाच पुढे आदळते, पावलं लांब पडतात, थकलेला तळ आणि भरत आलेली पिशवी, सगळं एकाच वेळी. पहिले सहा आठवडे वर धावत जा आणि खाली चालत या, किंवा गाडीने उतरा. अजिंक्यताऱ्यालाही तेच. नंतर धावत उतरायचं तर पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, पाय कमरेच्या खालीच पडायला हवा.

भरतीच्या मुलींना थांबवू नका, बदल करा. मिनिटाला पडणारी पावलं मोजा आणि वेग तोच ठेवून ती ५ ते १० टक्क्यांनी वाढवा. १६० पडत असतील तर १६८ ते १७६. पाऊल लहान झालं की आदळणं कमी होतं, आणि ८०० मीटरला त्याने नुकसान होत नाही. डांबरापेक्षा मातीचं मैदान. आठवड्यातले वेगाचे दिवस तीनवरून दोनवर आणा, उरलेल्या दिवशी चढ किंवा सायकल. गोळाफेकीत गोळा सुटताना श्वास बाहेर, बऱ्याच मुली तो कोंडून धरतात. कीगलच्या तीन फेऱ्या चालूच.

आणि मुली खातात किती ते बघा. उपाशीपोटी सराव, वजन उतरवायचं म्हणून भाकरी अर्धी, यात पाळी चुकायला लागते. सलग तीन महिने पाळी आली नाही तर तो थकवा म्हणून सोडून देऊ नका. इस्ट्रोजेन (बायकांचं संप्रेरक) घटलेलं असतं, त्याचा परिणाम हाडांवर होतो आणि मूत्रमार्गाच्या भोवतालच्या ऊतींवरही. ही मुलगी डॉक्टरकडे गेलीच पाहिजे.

स्त्रीरोग_कराड

डॉक्टरकडे कधी, याचं उत्तर देते.

लगेच पाठवा : लघवीत रक्त, जळजळ किंवा ताप, वारंवार जंतुसंसर्ग, ओटीपोटात दुखणं, अंग बाहेर आल्यासारखं किंवा योनीत गोळा असल्यासारखं वाटणं, उडी-खोकला काही नसताना सतत गळणं. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी. ते मज्जातंतूंचं दुखणं असू शकतं आणि त्याला तासांची किंमत असते.

हे काही नसेल तर तीन महिने नीट व्यायाम करून फरक पडला नाही तेव्हा या. येताना तीन दिवसांची नोंद आणा : किती वाजता काय आणि किती प्यायलं, किती वाजता लघवीला गेलं, मापाच्या भांड्यात किती मिली झाली, कधी गळलं आणि तेव्हा काय चाललं होतं. या एका कागदावरून निम्मं निदान होतं. उडीला गळणं वेगळं, आणि एकदम जोराची लागून बाथरूमच्या दारात पोचेपर्यंत सुटणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला पिशवीला वळण लावावं लागतं, म्हणजे जाण्यामधलं अंतर हळूहळू १०-१५ मिनिटांनी वाढवणं, किमान सहा आठवडे. काहींना गोळ्याही लागतात. दोन्ही एकत्र असणाऱ्याही पुष्कळ असतात.

आम्ही साधारण काय करतो, म्हणजे बायका घाबरणार नाहीत : लघवीची तपासणी, गरज पडली तर कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखणं), लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीने, आणि पिशवी भरलेली असताना खोकायला सांगून बघणं. आतून तपासताना बोटाभोवती आवळायला सांगितलं की ताकद कळते. अविवाहित मुलीची आतून तपासणी तिच्या संमतीशिवाय होत नाही आणि बऱ्याचदा तिची गरजही नसते, हे त्यांच्या आयांना आवर्जून सांगा. त्या भीतीनेच मुलींना आणत नाहीत.

व्यायामाने पुरं पडलं नाही तर योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग असते, ती मूत्रमार्गाला खालून आधार देते. फक्त धावण्यापुरती घालून नंतर काढता येते, मात्र माप डॉक्टरकडूनच घ्यायचं. पाळी गेलेल्या बायकांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा उपयोग होतो. मूत्रमार्गाखाली पट्टी बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण ती मुलं-बाळं पुरी झाल्यावर आणि बाकी सगळं करून झाल्यावर.

बाळंतिणींबद्दल एकच. सव्वा महिना झाला म्हणजे अंग भरलं असं समजून उड्यांना येऊ नये. धावणं आणि उड्या किमान १२ आठवड्यांनंतर, तेही ३० मिनिटं भरभर चालून, एका पायावर १० सेकंद उभं राहून, जागेवर एक मिनिट जॉगिंग करून आणि एकेका पायावर दहा उड्या मारून गळत किंवा जड वाटत नसेल तरच. सिझर झालेल्यांनाही हाच नियम. नऊ महिने भार तर तळावर होताच. अंगावर पाजणाऱ्या आईचं इस्ट्रोजेन कमी असतं, तिला थोडा जास्त वेळ द्या.

परिचारिका_सांगली

पाण्याचं राहिलं. पाणी तोडू नका, कृपा करा. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात बिनपाण्याची बॅच म्हणजे चक्कर, आणि लघवी घट्ट झाली की पिशवीला आणखी टोचते. दिवसाचं दीड ते दोन लिटर, व्यायाम आणि उन्हाळा असेल तर त्याहून जास्त. बॅचच्या दोन तास आधी ४००-५०० मिली, मग मैदानात घोट-घोट. सुरू करण्याआधी एकदाच जाऊन यायचं. "असू दे, एकदा जाऊन येते" असं दर अर्ध्या तासाने केलं की पिशवीला थोडं साठलं तरी निघायची सवय लागते. सकाळी दोन कप चहा पिऊन येणाऱ्यांनी एक कप करून बघावा. जिममधल्या प्री-वर्कआउट पावडरीत तर कॅफीन चहाच्या कितीतरी पट असतं.

पाळीचं पॅड रक्तासाठी केलेलं, लघवी त्यात पटकन शोषली जात नाही आणि मांड्या सोलवटतात. मेडिकलमध्ये लघवीसाठीचं पातळ पॅड वेगळं मागा. बॅच संपल्यावर तासभर ओल्या पॅडवर गप्पा मारत बसू नका, त्यानेच खाज आणि बुरशी होते.

फरक पडतोय का ते मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोरडं पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीसकट तोला, बॅचनंतर त्याच पिशवीत घालून पुन्हा तोला. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. घामाचाही थोडा भाग त्यात असतो, म्हणून व्यायाम तोच, वेळ तीच, दर दोन आठवड्यांनी. १४ ग्रॅमवरून ६ वर आलं की बाई पुढचे दोन महिने कीगल सोडत नाही.

मैदान_सातारा

शेवटचं : दोरी परत कधी आणि कशी सुरू करायची? डबल-अंडरवाल्या (एका उडीत दोरी दोनदा फिरवणाऱ्या) दोघी फार हटून बसल्यात.

फिजिओ_मिरज

उभं राहून ८ सेकंदांच्या दहा आवळण्या श्वास चालू ठेवून जमल्या की सुरू करा. पहिली पायरी, टाचा उचलून जमिनीवर टाकणं, २० चे तीन सेट. दुसरी, दोरीशिवाय इंचभर उंचीच्या उड्या, १० चे पाच सेट, मध्ये अर्धा मिनिट. तिसरी, दोरी घेऊन २० चे पाच सेट, मग दर आठवड्याला सेटमागे १० वाढवायच्या. डबल-अंडर सगळ्यात शेवटी, कारण दोरी दोनदा फिरवायला उंच उडावं लागतं आणि आदळणंही तितकंच वाढतं. ३ च्या गटाने, मध्ये साध्या उड्या. गुडघे कडक ठेवून टाचांवर पडू देऊ नका, पडण्याचा आवाज ऐका. आवाज मोठा असेल तर दाबही मोठा.

सलग दोन बॅच कोरड्या गेल्या की पुढची पायरी. गळलं तर एक पायरी मागे, पार सुरुवातीला नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत किंवा सर्दी-खोकल्यात एखादीला पुन्हा गळेल, त्या आठवड्यात दोरीऐवजी सायकल द्या आणि कीगल चालू ठेवायला सांगा. हटून बसलेल्या दोघींना टॉवेलच्या गुंडाळीवर बसवून आधी तपासा, कुंथत असतील तर ते आधी सुधारायला हवं.